मोठा कुत्रा, छोटी गाडी: सोलापुरात निवड कशी करायची

सोलापुरात गाडी घ्यायची म्हटलं की चर्चा ॲव्हरेज, रीसेल आणि घरातली सगळी माणसं मावतात का, एवढ्यावरच फिरते. घरात लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड किंवा शेतावर वाढलेला कारवानी (आपल्याकडचा उंच, सडपातळ शिकारी कुत्रा) असला की त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडते. तो शोरूममध्ये विचारला तर समोरचा पोरगा डिक्की उघडतो आणि लिटरचा आकडा सांगून मोकळा होतो. तो आकडा बॅगा भरणाऱ्यांसाठी असतो. सहसा पार्सल ट्रेच्या, म्हणजे डिक्कीवर आडव्या बसणाऱ्या झाकणाच्या, खालची जागाच त्यात मोजलेली असते, शिवाय चाकांच्या बाजूचे कोनेकोपरेही धरलेले असतात. कुत्र्याला त्या कोपऱ्यांचा काय उपयोग? त्याला सपाट जमीन लागते, डोक्यावर जागा लागते, चढायला ठेंगणा उंबरठा लागतो आणि आपल्या गावात राहत असेल तर तोंडावर गार हवा लागते. या चार गोष्टी माहितीपत्रकात एकत्र कुठंच छापलेल्या नसतात. त्या आपल्याच हातानं मोजाव्या लागतात. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यांसाठी त्या क्रमानं सांगतो.

छोटी गाडी म्हणजे इथं चार मीटरच्या आतली. ही रेघ सरकारी करामुळं पडली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोल-सीएनजीला १२०० सीसी, डिझेलला १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यापुढच्या गाड्यांवर ४० टक्के. म्हणून तर निम्म्या कंपन्यांच्या गाड्या ३,९९० किंवा ३,९९५ मिलिमीटरला येऊन थांबतात. कर बाजूला ठेवला तरी पूर्व भागातल्या गल्ल्या आणि नवी पेठेतलं पार्किंग ज्यांनी पाहिलंय, त्यांना मोठी गाडी का नको हे वेगळं सांगायला नको.

आधी कुत्रा मोजा

शिवणकामाची टेप घ्या आणि कुत्रा शांत असताना चार मापं काढा. उभा असताना जमिनीपासून खांद्यापर्यंत. उभा असतानाच जमिनीपासून डोक्यापर्यंत, कान ताठ असतील तर कानाच्या टोकापर्यंत. बसलेला असताना जमिनीपासून डोक्यापर्यंत. आणि नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी. वजन जनावरांच्या दवाखान्यातल्या काट्यावर करा. घरी स्वतः त्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, हा प्रकार तीस किलोनंतर कंबरेला परवडत नाही.

अंदाजासाठी सांगतो. लॅब्राडोर खांद्यापाशी ५५ ते ६२ सेंटिमीटर आणि साधारण २५ ते ३६ किलो भरतो. जर्मन शेफर्डचा नर ६० ते ६५ सेंटिमीटर आणि ३० ते ४० किलो. रॉटवायलर पन्नास किलोपर्यंत जातो. कारवानी किंवा पश्मी वजनाला हलका असतो, पण उंचीला ७० सेंटिमीटरच्या आसपास पोचतो, शिवाय मान लांब. म्हणजे वजनकाट्यावर लॅबपेक्षा कमी भरणारं जनावर गाडीत लॅबपेक्षा जास्त उंची मागतं. ग्रेट डेनचा नर खांद्यालाच ८० सेंटिमीटरच्या घरात किंवा त्याहून वर असतो. त्याच्यासाठी चार मीटरच्या आत शोधत बसू नका, मोठी गाडी बघा. घरात अजून पिल्लूच असेल तर त्याचं माप निरुपयोगी. जिथून आणलं त्यांच्याकडं जाऊन त्याच्या आईबापाचं माप घ्या.

यानंतरचं काम जरा पोरकट वाटेल, पण सगळ्यात उपयोगी तेच. कुत्रा दुपारी फरशीवर आडवा पसरला की त्याच्याभोवती खडूनं चौकोन आखा. तो उठून गेल्यावर जुने पेपर चिकटपट्टीनं जोडून त्या चौकोनाच्या मापाचा साचा कापा. थंडीत गोळा होऊन झोपतो त्याचाही एक साचा करा. लहान साचा मावला तर गाडी गावातल्या फेऱ्यांना चालेल. पुण्याला किंवा विजापूरला न्यायचं असेल तर मोठा साचा मावला पाहिजे. या साच्यांची घडी करून पिशवीत ठेवा. शोरूममध्ये टेपनं जे कळत नाही ते कागद पसरल्यावर कळतं, कारण टेप सरळ रेघेत जाते आणि डिक्कीची जमीन मात्र चाकांपाशी अरुंद होते, मागं कुठंतरी पायरी असते, कुठं उतार असतो.

तो बसणार कुठं, हे गाडीच्या आधी ठरवा

पुढची सीट नाही. तिथली एअरबॅग माणसाच्या बेतानं उघडते. कुत्र्याच्या तोंडावर ती उघडली तर त्याचा जीव जाऊ शकतो. शिवाय गिअरवर पंजा पडायचा तो वेगळाच.

सेदानची डिक्की तर अजिबात नाही. डिझायर, ऑरा, अमेझ या माणसांसाठी चांगल्या गाड्या असतील, पण त्यांची डिक्की म्हणजे बंद पेटी. तिथं ना एसीची हवा ना उजेड. सेदान घ्यायचीच असेल तर कुत्रा मागच्या सीटवर, हे पक्कं धरून घ्या.

राहिल्या दोन जागा: मागची सीट, किंवा सीट दुमडून डिक्कीपर्यंत झालेली सलग जागा. सीट उभी ठेवून फक्त डिक्कीत मोठा कुत्रा न्यायचा विचार चार मीटरच्या आतल्या बहुतेक गाड्यांत सोडून द्यावा लागतो. सीटच्या पाठीपासून दारापर्यंतची खोली तिथं सहसा दोन-सव्वादोन फुटांच्या पुढं जात नाही. लॅब त्यात बसेल, आडवा होणार नाही. तुळजापूरपर्यंत ठीक, पुण्यापर्यंत नाही.

आता घरची माणसं मोजा. नवरा-बायको आणि कुत्रा असेल तर प्रश्नच मिटला, जवळजवळ कुठलीही उंच हॅचबॅक चालेल. चौथा मेंबर आला की ६०:४० दुमडणारी सीट हवी: एका भागात माणूस, उरलेल्यात कुत्रा. पाच माणसं आणि कुत्रा, त्यात आजी अक्कलकोटला निघालेल्या, असा बेत असेल तर या वर्गात पर्याय एकदम एक-दोनवर येतात. त्यांच्याबद्दल पुढं सांगतो.

कुत्रा कुठंही बसो, बांधलेला हवा. हे प्रेमापेक्षा हिशेबाचं आहे. ताशी पन्नासच्या वेगातली गाडी धडकून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर पस्तीस किलोचा कुत्रा पुढच्या सीटवर सातशे किलोच्या आसपास जोर टाकतो. तिथं आपलं माणूस बसलेलं असतं. बांधायचं ते छातीच्या हार्नेसला, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. पट्ट्याला बांधलेला कुत्रा ब्रेक लागताच मानेवर झटका खातो. साखळी तर गाडीत आणूच नका.

सोलापूरचं ऊन हा वेगळा निकष

दुसऱ्या शहरातला माणूस हा भाग दोन ओळींत संपवेल. आपल्याला तसं करून चालत नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जाणं इथं नवलाचं नाही, आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तीच त्याची अंग थंड करायची सोय. धाप टाकताना आत जाणारी हवाच गरम असेल तर ती सोय बंद पडते. कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस असतं. ४१ च्या पुढं गेलं की जिवावरचं काम होतं. पग, बॉक्सर, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना ते आणखी लवकर गाठतं.

उन्हात बंद करून ठेवलेली गाडी अर्ध्या तासात बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी तापते, आणि त्यातही बरीचशी वाढ पहिल्या दहा मिनिटांत होते. काच दोन बोटं खाली ठेवल्यानं फरक नावापुरता पडतो. म्हणून गाडी कुठलीही घ्या, "सात रस्त्याला दोन मिनिटांचं काम आहे" म्हणून कुत्र्याला आत ठेवून उतरायचं नाही. इंजिन आणि एसी चालू ठेवून उतरणं हाही उपाय नाही. इंजिन बंद पडू शकतं, पंजा कुठल्याही बटणावर पडू शकतो. कुणीतरी एक माणूस गाडीत थांबलं पाहिजे.

निवड करताना या उन्हामुळं काही गोष्टी पुढं सरकतात.

पहिली, मागचे एसी व्हेंट, म्हणजे मागच्या सीटकडं गार हवा सोडणाऱ्या जाळ्या. पुढचा एसी कितीही दमदार असला तरी त्याची हवा दोन सीटांच्या फटीतून मागं जाईपर्यंत कोमट होते, आणि कुत्र्यासाठी मागं हॅमक, म्हणजे सीटवर झोळी, बांधला की ती फटही बुजते. बेस, म्हणजे त्या गाडीच्या सगळ्यात स्वस्त प्रकारात मागचे व्हेंट बऱ्याचदा नसतात. पैसे वाचवायचे तर टचस्क्रीनवर, अलॉय व्हीलवर, सनरूफवर वाचवा, पण ज्या प्रकारापासून मागचे व्हेंट सुरू होतात त्याच्या खाली उतरू नका. सनरूफ आपल्याकडं कुणाला आणि कशाला हवं असतं, हे मला अजून उमगलेलं नाही. वरून ऊन, आणि कुत्रा तिथून डोकं बाहेर काढणार म्हणून जिवाला घोर.

दुसरी, एसीची खरी तपासणी. टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी गार वाऱ्यात घेऊ नका. दुपारी एक ते तीनमध्ये मागा, गाडी आधी उन्हात उभी करायला सांगा आणि मग स्वतः मागच्या सीटवर बसून होटगी रोडनं एक चक्कर मारा. शेजारच्याला गाडी चालवू द्या. साधा थर्मामीटर मागच्या जमिनीवर, कुत्रा जिथं झोपणार तिथं ठेवा. डोक्याच्या उंचीला गार वाटतं आणि जमिनीपाशी सायलेन्सरची ऊब येत असते, असं काही गाड्यांत हमखास दिसतं.

तिसरी, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय. पेट्रोल वाचतं हे खरं, पण इंजिनाबरोबर एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो. ज्या गाडीत ती सोय बटणानं बंद करता येते ती घ्या आणि उन्हाळाभर बंद ठेवा.

काचांना काळी फिल्म लावून देतो म्हणणारे दुकानदार भेटतील. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच त्यावर बंदी घातली आहे, दंड होतो. गाडी उभी असताना पुढच्या काचेला आडवा लावायचा चंदेरी पडदा मात्र जरूर घ्या, स्टिअरिंग आणि सीट दोन्ही वाचतात.

गाड्यांकडं वळू

आकडे कंपन्यांचे आहेत. प्रकार आणि सोयी वरचेवर बदलतात, म्हणून नावावर जाऊ नका, समोर उभ्या असलेल्या गाडीला साचा लावून बघा.

रेनॉ ट्रायबर माझ्या मते या कामाला सगळ्यात जवळची. ३,९९० मिलिमीटर लांबीत सात सीट बसवल्या आहेत, पण आपल्याला हवंय ते वेगळंच: तिसरी रांग पूर्ण काढून घरी ठेवता येते. मग मागं ६२५ लिटर जागा उरते आणि मधली रांग उभीच राहते. म्हणजे पाच माणसं सीटवर, कुत्रा मागं, असं या लांबीत जमवणारी जवळपास हीच एक. एसीचे व्हेंट दुसऱ्या रांगेला बाजूच्या खांबांत आणि तिसऱ्या रांगेला छतात मिळतात. रांग काढली तरी छतातली हवा कुत्र्याच्या अंगावर येते. कुठल्या प्रकारापासून ते मिळतात तेवढं विचारून घ्या. उणं काय? इंजिन एक लिटरचं, ७२ पीएसचं. पाच माणसं, कुत्रा आणि एसी घेऊन तुळजापूरच्या घाटात ती दमते. घाईच्या माणसानं घेऊ नये. आपल्या भागातले बाकीचे रस्ते सपाट, तिथं काही अडत नाही.

वॅगन आर बहुतेकांना आधीच माहीत असते. उंची १,६७५ मिलिमीटर, दारं सरळ आणि उंच, त्यामुळं वय झालेल्या कुत्र्याला मागच्या दारातून चढणं सोपं जातं. डिक्की ३४१ लिटर. रुंदी १,६२० मिलिमीटरच, म्हणून मागं एक माणूस आणि मोठा लॅब शेजारी बसले की दोघंही चिडतात. मागचे व्हेंट नाहीत हा आपल्याकडं मोठाच दोष, आणि २०२३ च्या ग्लोबल एनकॅप या अपघात चाचणीत तिला पाचपैकी एकच तारा मिळाला होता. गावातल्या गावात, दोन माणसं आणि एक कुत्रा असाल तर घ्या. हायवेवर वरचेवर जाणार असाल तर मी दुसरीकडं बघेन.

टाटा पंच आणि ह्युंदाई एक्स्टर एकाच तोलाच्या. पंचची डिक्की ३६६ लिटर, एक्स्टरची ३९१. पंचची दारं जवळजवळ काटकोनात उघडतात. कुत्र्याला आत घेताना, विशेषतः त्याचं मन नसताना, या गोष्टीची किंमत कळते. दोन्हींत डिक्कीचा उंबरठा वॅगन आरपेक्षा उंच वाटतो, तेव्हा त्यांत कुत्रा डिक्कीतून चढवण्यापेक्षा दारातून चढवा. मागची सीट एकसंध दुमडते की दोन भागांत, हे तुम्ही घेणार त्याच प्रकारात दुमडून बघा. शोरूममध्ये उभी असते ती गाडी सहसा वरच्या प्रकारातली असते.

जरा वरच्या किमतीत नेक्सॉन (३८२ लिटर), स्कोडा कायलॅक (४४६ लिटर) आणि किया सिरॉस. यातली सिरॉस आपल्या कामाला वेगळी पडते. वरच्या प्रकारांत तिची मागची सीट पुढं-मागं सरकते, त्यामुळं डिक्की ३९० पासून ४६५ लिटरपर्यंत बदलते. कुत्रा सीटवर असेल तर सीट मागं, सामान जास्त असेल तर पुढं. तिन्हींना अपघात चाचणीत पाच तारे आहेत. मागच्या सीटच्या रुंदीला नेक्सॉन आणि सिरॉस दोन्ही भरपूर. बजेट असेल आणि कुत्रा एकच असेल तर मी सिरॉसची निवड करेन. पॅनोरमिक सनरूफ नसलेला प्रकार बघत असाल तर त्यात सीट सरकते का ते आधी विचारा.

शेतकरी घरांत ईकोचं नाव निघतंच. सरकणारी दारं, उंच छत, डिक्कीला अडथळा नाही: जागेच्या बाबतीत तिला तोड नाही. दोन कारवानी शेतावरून घरी आणायचे असतील तर मनात तीच येते. पण इंजिन पुढच्या सीटखाली, त्याची ऊब आत. मागं व्हेंट नाहीत. आणि घडण २०१० ची. एसीवाला प्रकार घेऊन सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर फिरणार असाल तरच.

सीएनजीचा मोह

सोलापुरात सीएनजी मिळायला लागल्यापासून प्रत्येक जण तेच सुचवतो. रोजच्या पळण्याला ते स्वस्त पडतं यात वाद नाही, पण टाकी कुठं बसवली आहे ते बघा. जुन्या पद्धतीत एक मोठी टाकी डिक्कीत आडवी असते. तिच्याभोवती पिशव्या मावतात, कुत्रा नाही, आणि सीट दुमडली तरी सलग जमीन मिळत नाही. टाटा आणि ह्युंदाई आता दोन लहान टाक्या डिक्कीच्या जमिनीखाली देतात. त्यानं डिक्की वापरता येते, पण पंचचे ३६६ लिटर सीएनजीत २१० वर येतात. हे लिटर गेले कुठून? जमीन वर उचलली गेली. म्हणजे कुत्र्याला उडी जास्त मारावी लागते आणि वर डोक्याला जागा कमी उरते. कुत्रा मागच्या सीटवरच नेणार असाल तर ही दोन टाक्यांची सीएनजी खुशाल घ्या. सीट दुमडून सलग जागा करायची असेल तर पेट्रोल.

बाहेरून किट बसवून घ्यायचा विचार या कामासाठी डोक्यातूनच काढा.

शोरूममध्ये काय करायचं

एसीची दुपारची चक्कर वेगळी, ती कुत्र्याविना. मापं घ्यायला फोन करून सकाळची वेळ घ्या आणि कुत्रा घेऊन येतोय हे आधीच सांगा. नको म्हणाले तर टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी मागवा. ती बहुतेक जण देतात आणि घरी कुत्राही शांत असतो. सीटवर टाकायला जुनी चादर सोबत ठेवा. आपली सोलापुरी चादर यासाठीच विणली असावी असं कधी कधी वाटतं: जाड, घट्ट, धुतली की पुन्हा तयार.

मग क्रमानं: पार्सल ट्रे काढा. मागची सीट दुमडा. कागदाचा साचा पसरा आणि त्याची कड कुठं उचलली जाते ते बघा. दुमडलेल्या सीट आणि डिक्कीच्या जमिनीत पायरी किती पडते ते मोजा. दोन-तीन इंचांची पायरी जाड गादीनं भरून निघते, त्याहून मोठी असेल तर कुत्रा रात्रभर तिथं कुशी बदलत राहील. डिक्कीच्या दाराची उंची बघताना दार पूर्ण उघडून, खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत मोजा. आतली उंची जास्त आणि दार ठेंगणं, असं बऱ्याच गाड्यांत असतं, आणि पिंजरा घ्यायचा असेल तर अडतं ते दारातच.

पिंजऱ्याचं माप काढायची विमान कंपन्यांची रीत सोपी आहे. लांबी म्हणजे नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, अधिक पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचं अर्ध. रुंदी म्हणजे खांद्यांच्या रुंदीची दुप्पट. उंची म्हणजे उभ्या कुत्र्याच्या डोक्यापर्यंत किंवा कानापर्यंत, वर गादीची जाडी. लॅब किंवा शेफर्डला साधारण ४२ इंची पिंजरा लागतो: १०७ बाय ७१ बाय ७६ सेंटिमीटरच्या आसपास. हे आकडे टेपनं डिक्कीच्या दाराला लावून बघितले की चार मीटरच्या आतल्या गाडीत पिंजऱ्याचा हट्ट बहुतेक जण स्वतःच सोडतात. हार्नेस आणि जाळीवर येतात, आणि ते पुरतं.

उंबरठ्याचं माप विसरू नका. जमिनीपासून डिक्कीच्या कडेपर्यंत ७० सेंटिमीटर असेल तर जवान कुत्रा उडी मारेल, आठ-नऊ वर्षांचा मारणार नाही, आणि मारली तर उतरताना खांदे धरतील. फळी लावून चढवायचं म्हटलं तर एवढ्या उंचीला पाच फुटांची फळी खडी पडते. वय झालेल्या कुत्र्याला झेपेल असा उतार हवा तर सहा-साडेसहा फूट लागते. एवढी फळी छोट्या गाडीत ठेवणार कुठं? त्यापेक्षा सुताराकडून दोन पायऱ्यांचं खोकं करून घ्या, वर काथ्या ठोका. शेफर्ड आणि लॅब दोघांनाही कंबरेच्या सांध्याचं दुखणं वारशानं येऊ शकतं, तेव्हा कुत्रा आज जवान आहे म्हणून उंच उंबरठा चालवून घेऊ नका. गाडी आठ-दहा वर्षं राहणार आहे, तोवर तो म्हातारा होईल.

शेवटी कुत्र्याला मागं बसवून, हार्नेस लावून एक चक्कर. वळणावर तो घसरतो का, पाय कुठल्या फटीत जातात का, मागचा आरसा पूर्ण झाकला जातो का, हे बघा. खिडक्यांना चालकाकडून कुलूप लागतं का तेही दाबून बघा.

आतली तयारी

सीटवर हॅमक, म्हणजे पुढच्या आणि मागच्या सीटच्या डोक्यांना अडकवायची झोळी, जलरोधक कापडाची. तिला मध्ये जाळी असलेली निवडा, म्हणजे पुढच्या एसीची हवा आत येते. जमिनीवर, सीट दुमडली असेल तर, गोठ्यात टाकतात ती रबरी मॅट साच्याप्रमाणे कापून घ्या. जड असते पण त्यावर पाय घसरत नाही, आणि पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचे गोळे पंजांना चिकटून आले की बाहेर काढून पाण्याच्या पाइपनं धुता येते. वर चादर.

कापडी सीट की रेक्झिन, यावर दोन्हीकडून बोलता येईल. रेक्झिन पुसता येतं पण उन्हात चटका देतं. कापडात केस अडकतात, आणि केसांपेक्षा वाईट म्हणजे कुसळं. नान्नजकडच्या माळावर कुत्रा हुंदडून आला की अंगभर कुसळं असतात, ती सीटमध्ये घुसली की चिमट्यानं उपटत बसावं लागतं. गाडीत बसायच्या आधी अंगावरून हात फिरवा, पंजांच्या बेचक्यात बघा, गोचीडही तेव्हाच सापडतात. कव्हर शिवून घेणार असाल तर सीटच्या बाजूची एअरबॅग असलेल्या गाडीत तो भाग मोकळा सोडायला सांगा.

डिक्की आणि सीटमधली जाळी एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून करून घेता येते, पण गाडीच्या बॉडीला वेल्डिंग करू देऊ नका. सीटच्या डोक्याच्या दांड्यांना क्लॅम्पनं बसणारी करा आणि सगळ्या कडा रबरानं झाकून घ्या.

जुनी गाडी घेत असाल तर

वरचं सगळं लागू आहेच. शिवाय सीट दुमडायचे खटके दोन्ही बाजूंनी चालतात का बघा, जुन्या गाडीत एक हमखास अडकतो. मागचे सीटबेल्ट पूर्ण ओढून झटका देऊन तपासा, हार्नेस त्यालाच लागणार आहे. एसीचा गॅस "नुकताच भरलाय" असं सांगितलं तर कान टवकारा, आणि गाडी दुपारीच बघा. आरसी, विमा, कर्जाचा बोजा या गोष्टी माहितगार माणसाला सोबत नेऊन बघा.

गाडी घरी आल्यावर

पहिले काही दिवस इंजिन सुरू न करता कुत्र्याला नुसतं आत बसू द्या, तिथंच थोडी भाकरी द्या. मग सोसायटीला चक्कर, मग संभाजी तलावापर्यंत. पहिलीच फेरी दवाखान्याची झाली तर तो गाडीला कायमचा वैरी समजतो. लांब निघताना आधी तीन-चार तास पोटभर खायला घालू नका, नाहीतर मोहोळच्या अलीकडंच उलटी. पुण्याच्या रस्त्याला टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण इथं थांबत जा. दर दोन तासांनी पाणी आणि पाय मोकळे करणं एवढं तर हवंच. थांबल्यावर डांबरावर आधी आपला हात ठेवून बघा, चटका बसला तर त्याला मातीवर किंवा सावलीत उतरवा. आणि एप्रिल-मेमध्ये जायचंच असेल तर पहाटे चारला निघा, म्हणजे ऊन चढायच्या आत हडपसर येतं.

फार धापा, लाळेच्या तारा, लडखडणं दिसलं तर गाडी सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, बर्फ लावू नका. पोटावर आणि मांड्यांवर पाणी मारून एसीचा झोत सोडा आणि जवळचा जनावरांचा डॉक्टर गाठा. त्याचा नंबर निघण्याआधीच फोनमध्ये घालून ठेवा, जाताना लागणाऱ्या गावांतल्या एक-दोघांचाही.